डिचोलीकडचा एक मटका रायटर: कायद्याने कधी पकडला आणि गावाने कधी

समाजशास्त्रात विचलित वर्तनाचा, म्हणजे समाजाचे नियम मोडणाऱ्या वागण्याचा, धडा आला की उदाहरणं ठरलेली असतात, शिकागोच्या टोळ्या, अमेरिकेतली गांजा ओढणारी पोरं, फार तर मुंबईची एखादी वस्ती. आपल्याकडचा विद्यार्थी ते पाठ करतो, पेपरात लिहितो, आणि घरी जाताना तिठ्यावर चहाच्या गाड्याशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या मटक्याच्या रायटरच्या (लोकांचे आकडे लिहून घेणाऱ्याच्या) समोरून रोज जातो, पण त्याच्यावर कोणी चार ओळी लिहीत नाही. म्हणून हे प्रकरण.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो. ह्यातला माणूस एकच नाही. गोव्यातल्या डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यात ऐकलेल्या-बघितलेल्या अशा तीन-चार जणांच्या गोष्टी जोडून एक माणूस केलाय, गाव सांगत नाही, घरातली माणसं बदलली आहेत, कोणी ओळखायला नको. कायदे, खाणींच्या तारखा वगैरे मात्र जशाच्या तशा. माणसाला आपण दादा म्हणूया, गावात अशाला दादाच म्हणतात.

दादा मुळात ट्रकवाला. २००० नंतर चीनला लोखंडाची भूक लागली आणि आपल्याकडे जे कधी कोणी विचारत नव्हतं ते हलक्या प्रतीचं खनिजसुद्धा विकलं जायला लागलं. २०१०-११ च्या आसपास गोव्यातून वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात माल जात होता. खाणीवरून जेटीपर्यंत ट्रक, जेटीवरून बार्ज (मालाची होडी), बार्जमधून मुरगाव बंदर. दादाने बँकेचं कर्ज काढून एक ट्रक घेतला, तो फिटायच्या आधी दुसरा घेतला, घराला स्लॅब घातला, मुलीला चांगल्या शाळेत घातलं, चवथीला (गणेशचतुर्थीला) माटोळीपासून, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळाफुलांच्या छतापासून, फटाक्यांपर्यंत सगळं मोठं. ड्रायव्हर ठेवला आणि स्वतः ट्रिपा मोजत बसला. तेव्हा तो मटका खेळायचा, लिहीत नव्हता. खेळणं काय, सगळेच खेळायचे.

इथे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खीम आठवतो. लोकांना वाटतं की त्याची नियमशून्यतेची कल्पना म्हणजे गरिबी आली, माणूस बिघडला. तसं नाहीये. १८९७ सालीच त्याने म्हटलेलं की अचानक आलेली भरभराटही तेवढीच गडबड करते, कारण माणसाने किती हवं म्हणावं ह्याची समाजाने घातलेली मर्यादाच सुटते. खाणपट्ट्यात ती २०१२ च्या आधीच सुटली होती. दोन ट्रकवाल्याला चार ट्रकवाला बघून झोप येत नव्हती, हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाहीये.

मग २०१२. सप्टेंबरमध्ये बेकायदेशीर खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा रिपोर्ट संसदेत आला, १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ५ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाची बंदी. दीडेक वर्षाने, २१ एप्रिल २०१४ ला, कोर्टाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, काम रडतखडत सुरू झालं, आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्यावर १६ मार्च २०१८ पासून परत सगळं ठप्प. ट्रकमालकांसाठी सरकारच्या मदतीच्या योजना आल्या, थोडंफार मिळालंही, पण हप्ता आणि राहणीमान दोन्ही त्यात भागणारं नव्हतं. दादाने पहिल्या बंदीत एक ट्रक विकून टाकला. दुसरा अंगणात ताडपत्रीखाली.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ मध्ये जे मांडलं ते इथे इतकं चपखल बसतं की थोडा संशयच येतो. समाज ध्येय देतो, पैसा कमवा, मान मिळवा, आणि रस्ते मात्र सगळ्यांना सारखे देत नाही, मग माणसं पाच प्रकारे वागतात, कोणी मुकाट्याने चालत राहतो, कोणी ध्येय तेच ठेवून रस्ता बदलतो, कोणी ध्येय सोडून नुसता नियम पाळतो, कोणी दोन्ही सोडून दारूत बुडतो, कोणी सगळंच बदलायला निघतो. दादाच्या वाड्यावर हे सगळे नमुने होते. पणजीला मोर्चात जाणारे होते, बारमध्ये सकाळी अकराला बसणारे होते, औद्योगिक वसाहतीत सिक्युरिटी गार्ड झालेले तर पुष्कळ. दादा दुसऱ्या प्रकारात गेला, रस्ता बदलला.

पण मर्टन एवढंच सांगतो की ताण आला. ताण तर शंभर ट्रकवाल्यांना आला, रायटर एकच का झाला? कारण रायटर व्हायलाही ओळख लागते. क्लोवर्ड आणि ओहलिन ह्यांनी १९६० मध्ये हेच धरलं, की बेकायदेशीर धंद्याचं दारही सगळ्यांना उघडं नसतं, तिथेही जागा रिकामी असावी लागते आणि कोणीतरी आत घ्यावं लागतं. दादाचा मामा जुना रायटर होता, गुडघे गेलेले, डोळ्याला दिसत नव्हतं, त्याला हात हवा होता. एवढंच.

मामाने शिकवलं ते सदरलँडच्या यादीप्रमाणेच होतं (हा सदरलँड १९३९ आणि १९४७ मध्ये म्हणाला की गुन्हा शिकावा लागतो, जवळच्या माणसांकडून, आणि शिकताना तंत्र आणि कारणं दोन्ही शिकली जातात). तंत्र म्हणजे चिठ्ठी कशी लिहायची, ओपन (पहिला आकडा), क्लोज (दुसरा), जोडी (दोन्ही मिळून), पाना (तीन आकडी), दुपारी कल्याण आणि रात्री मेन ह्या सोडती, एजंटला फोन किती वाजायच्या आत करायचा, उधारीवर कोणाचा आकडा घ्यायचा आणि कोणाचा मेला तरी घ्यायचा नाही. सिंगलला रुपयाला नऊ, जोडीला ऐंशी-नव्वद. दहात एक आणि शंभरात एक असा हिशेब, मधलं जे उरतं ते वरच्यांचं आणि त्यातलं कमिशन रायटरचं. हा खेळ मुंबईचाच, आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावावर लावायचे, ते भाव येणं १९६१ ला बंद झालं तेव्हा मटक्यातून चिठ्ठी काढायला लागले, पुढे पत्ते आले, नाव मात्र मटकाच राहिलं.

आणि कारणं. ती ऐकण्यासारखी आहेत. दादाला कोणी टोकलं की तो म्हणायचा, "मी कोणाच्या घरात घुसून पैसे काढतो काय? माणूस स्वतः येतो, स्वतः आकडा सांगतो." मग म्हणायचा, "खाणी बंद मी केल्या नाहीत." मग, "मुलीची फी कोण भरणार, तू?" आणि शेवटी हुकमाचा एक्का, "आधी जा पणजीला, मांडवीत बघ, काय उभं आहे ते, मग मला सांग." साइक्स आणि मात्झा ह्यांनी १९५७ मध्ये अशा सबबींचे पाच प्रकार सांगितले, दोष माझा नाही, नुकसान कोणाचं नाही, ज्याचं झालं तो त्याच लायकीचा, बोलणारेच चोर आहेत, आणि मी घरच्यांसाठी केलं. दादाकडे चार होते. ज्याचं झालं तो त्याच लायकीचा, हे मात्र तो कधी म्हणाला नाही, गिऱ्हाइकं सगळी शेजारचीच.

त्यातली मांडवीवाली सबब, म्हणजे नदीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटींची, नुसती सबब म्हणून सोडून देता येत नाही, कारण ती खरी आहे. गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार कायदा १९७६ चा. त्या कायद्याखाली दादाची चिठ्ठी गुन्हा. त्याच कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला परवानगी दिली, १९९६ मध्ये अजून एक दुरुस्ती करून पाण्यातल्या बोटीवर टेबलावरचे खेळ चालतील असं केलं. म्हणजे खेळ तोच, नशीब तेच, जागा आणि गिऱ्हाईक वेगळं. आणि गंमत अशी की १ फेब्रुवारी २०२० पासून गोंयकारांना कसिनोत खेळायला बंदी. चांगल्या हेतूने असेल, असेलच, पण हिशेब असा होतो की डिचोलीच्या माणसाला कायदेशीर जुगार खेळायला मनाई आणि बेकायदेशीर घराच्या दारात. शिवाय सरकारचं अल्पबचत आणि लॉटरी खातं म्हणून एक खातंच आहे. कुठला जुगार पाप आणि कुठला महसूल हे खेळ बघून ठरत नाही, नियम करायची ताकद कोणाकडे आहे आणि परवाना फी कोण भरू शकतो त्यावर ठरतं. समाजशास्त्रातली संघर्षवादी मंडळी (समाजाकडे सत्तेची ओढाताण म्हणून बघणारी) हेच सांगत आली आहेत, आणि मला ह्या एका बाबतीत त्यांच्याशी भांडायला जागा दिसत नाही.

आता प्रकरणातला मला सगळ्यात विचित्र वाटणारा भाग. ट्रॅव्हिस हिर्शी १९६९ मध्ये प्रश्न उलटा करतो, की माणूस नियम का मोडतो हे विचारू नका, का पाळतो ते विचारा, आणि उत्तर देतो की बंध असतात म्हणून, माणसांचा जिव्हाळा, पुढच्या आयुष्यात घातलेली गुंतवणूक, कामात अडकलेला वेळ, नियमांवरची श्रद्धा. बंध सुटले की माणूस सुटला. दादाचं बघा. देवस्थानाच्या समितीत, शिगम्याला रोमटात (मिरवणुकीत) पुढे, भजनी सप्ताहात त्याचा प्रहर ठरलेला, चवथीत घुमटाच्या (मातीच्या वाद्याच्या) आरतीला त्याच्याशिवाय समेळ (साथीचं वाद्य) वाजत नाही. बंध सुटलेला माणूस असा दिसतो? उलट ह्या बंधांवरच त्याचा धंदा उभा होता. लोक त्याच्याकडे पैसे ठेवायचे ते तो देवळातला माणूस म्हणून, पळून जाणार नाही म्हणून. भारतीय करार कायदा १८७२, कलम ३०, पैजेचा करार रद्दबातल, कोर्ट वसूल करून देत नाही. मटक्याचं पेमेंट अडलं तर दाद मागायला जागाच नाही. मग एका कागदाच्या चिटोऱ्यावर माणूस शंभर रुपये कशाच्या भरवशावर देतो? गावाच्या धाकाच्या. हिर्शीचे बंध इथे गुन्ह्याला अडवत नाहीत, त्याला जामीन राहतात.

आता घटना. खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्यानंतरच्या एका पावसाळ्यात गावाजवळच्या वळणावर एक गाडी उलटली. कोणी मेलं नाही, देवाची कृपा, पण गाडीचा नंबर सगळ्या गावाने बघितला आणि शेवटचे दोन आकडे म्हणजे जोडी, हे सांगायला कोणी लागत नाही. स्वप्न, अपघात, पालखीची तारीख, बाळाचं वजन, सगळ्यातून आकडा निघतो. त्या दिवशी अख्ख्या वाड्याने तीच जोडी लावली. वीस रुपयांपासून पाचशेपर्यंत. आता नियम असा की एका आकड्यावर एवढा बोजा आला की तो वर एजंटला उतरवायचा, म्हणजे आकडा लागला तर देणं त्याच्यावर. दादाने उतरवला नाही. उलटलेल्या गाडीचा नंबर कधी आलाय, असं म्हणून चिठ्ठ्या खिशात ठेवल्या, म्हणजे आकडा स्वतः खाल्ला. आणि रात्री तीच जोडी आली.

देणं दोन लाखांच्या वर. दादाने फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी खुर्ची रिकामी, तिसऱ्या दिवशीही.

आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, गावाने दादाला लबाड म्हटलं. हे मला परत सांगावंसं वाटतं. इतकी वर्षं तो रोज कायदा मोडत होता, सगळ्यांसमोर, पोलीस आउटपोस्टपासून हाकेच्या अंतरावर, तेव्हा तो दादा होता. पैसे दिले नाहीत तेव्हा लबाड झाला. हॉवर्ड बेकर १९६३ मध्ये म्हणाला होता की विचलन हे कृत्याच्या अंगात नसतं, लोकांनी नियम लावून शिक्का मारला की ते विचलन होतं. वर्गात हे सांगितलं की पोरं मान डोलावतात आणि मनात म्हणतात काहीतरीच. डिचोलीत मात्र दोन नियमावल्या एकाच माणसावर एकाच वेळी चालू होत्या, एक कायद्याची, त्यात लिहिणं गुन्हा, आणि एक गावाची, त्यात लिहून न देणं गुन्हा.

गावाने केलं काय? पोलिसात कोणी गेलं नाही, जाणार कसं, काय म्हणून तक्रार देणार. मारामारी नाही. पहिल्यांदा बोलणं थांबलं, तेही एकदम नाही, गाड्यावर दादाचा भाऊ आला की विषय बदलायचा. वहिनी बचत गटात गेली तेव्हा तिच्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. मग चवथ आली. आरतीची पोरं घुमट घेऊन घराघरांत फिरतात, त्यांनी दादाच्या अंगणासमोरून आवाज न करता पुढची वाट धरली. मला सांगणारा म्हणाला की मखरातला गणपती घेऊन बसलेल्या घराला ह्यापेक्षा मोठी शिक्षा काय असते, पोलिसांच्या काठीची आठवण चार दिवसांत जाते. आणि मग वीस रुपये लावलेल्या एका म्हातारीने, तिचे सोळाशे की काय निघत होते, देवळात जाऊन गाऱ्हाणं घातलं. नाव न घेता. ज्याने माझं खाल्लं त्याला तूच बघ रे म्हाराजा. नाव घ्यायची गरजही नव्हती.

देवस्थानं गोव्यात १९३३ च्या पोर्तुगीज काळातल्या नियमावलीखाली चालतात, मामलेदार त्यांचा प्रशासक, सगळं कागदोपत्री. पण अशा वेळी कागद कोणी उघडत नाही. समितीतल्या एका वयस्क माणसाने दादाच्या घरी जाऊन चहा घेतला, आधी पावसाबद्दल बोलला, मग उठता उठता म्हणाला, "बाबा, सप्त्याला तुझा प्रहर ठेवायचा की नाही ते सांग. आणि म्हातारीचं आधी दे."

दादाने ताडपत्रीखालचा ट्रक विकला. येईल त्या भावाने, भंगारापेक्षा थोडं वर. म्हातारीचे आधी दिले, मग लहान रकमा, मोठ्यांना हप्ते. काहींनी थोडं सोडलंही. शिगम्यापर्यंत बहुतेक फिटलं आणि रोमटात तो परत दिसला, मागच्या रांगेत, पण दिसला. जॉन ब्रेथवेटने १९८९ मध्ये लाज देण्याचे दोन प्रकार केले, एक माणसाला कायमचा बाहेर टाकणारी, दुसरी लाजवून परत आत घेणारी, आणि म्हणाला दुसरीनेच गुन्हे कमी होतात. हे तर पुस्तकातलं उदाहरण म्हणून छापावं असं झालं. फक्त एक अडचण आहे. दादा सुधारला आणि परत खुर्चीवर बसला. आता बोजा आला की इमानदारीत वर उतरवतो. गावाच्या नियंत्रणाने माणूस रुळावर आणला, आणि रूळ मटक्याचा होता. ब्रेथवेट चुकला असं नाही म्हणत मी, पण कुठल्या नियमावलीत परत घेतलं हे न विचारता परत घेतलं म्हणून टाळ्या वाजवू नयेत.

गावकीचं फार कौतुकही नको. हीच हत्यारं, बोलणं तोडणं, आरती न नेणं, देवळातला मान काढणं, जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या घरावरही चालतात. महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो उगीच नाही. दादाच्या बाबतीत म्हातारीला पैसे मिळाले म्हणून ते गोड वाटतं.

पोलिसांचं राहिलं. त्यानंतर पुढच्या वर्षी कधीतरी धाड पडली, वरून आदेश आला की पडते तशी. चिठ्ठ्या, पेन, रोख रक्कम जप्त, पेपरात दोन ओळी, मटका साहित्यासह इसमास अटक, जामिनावर संध्याकाळी घरी. गावाची प्रतिक्रिया शून्य. उलट वाईट वाटलं लोकांना, अरे बिचाऱ्याला नेला. ज्या शिक्क्याला गावात किंमत नाही त्या शिक्क्याने लाज येत नाही. मग धाडीचा परिणामच नाही झाला का? झाला, भलत्या ठिकाणी. दादाला कुवेतमध्ये ड्रायव्हरचं काम जमत आलं होतं, मेहुण्याने बोलणी केलेली, हा धंदा सोडायचा त्याचा खरा विचार होता. त्याला पोलीस क्लिअरन्स लागतं. केस चालू, क्लिअरन्स अडलं, कुवेत गेलं. एडविन लेमर्टने १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम असे विचलनाचे दोन टप्पे केले, पहिला चुकून-माकून, दुसरा शिक्का बसल्यावर, जेव्हा माणसाला दुसरं काही होता येत नाही आणि तो तेच होऊन बसतो. लेमर्टला त्यात माणसाच्या मनातली ओळखही बदलणं अपेक्षित आहे. दादाच्या मनातलं काही बदललं नाही, तो स्वतःला गुन्हेगार समजत नाही. बदलला तो फक्त रेकॉर्ड, आणि बाहेर पडायचं जे एक दार होतं ते सोडवायला आलेल्यांनीच बंद केलं. केसची तारीख अजून पडते.

सध्या दादाचा गल्ला निम्म्यावर आलाय, कारण पोरं मोबाइलवर खेळतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा केला, तरी लिंका फिरतातच. मागे वाड्यावरच्या एका कॉलेजच्या पोराने अशाच कुठल्यातरी लिंकवर बापाच्या खात्यातले बरेच पैसे घालवले, जिंकलेले दाखवले जायचे पण काढायला गेलं की निघायचे नाहीत. बाप सल्ला विचारायला दादाकडे आला, ह्या लायनीतला जाणता म्हणून. दादाने त्याला विचारलं, समोर माणूस कोण आहे, कुठल्या गावचा, कोणामार्फत घेतलं. बापाकडे उत्तर नव्हतं. तेव्हा दादाने त्याला सरळ सायबर पोलिसांत जायला सांगितलं, आणि स्वतःवर केस असल्यामुळे आपण बरोबर येणार नाही तेही सांगितलं.